शांत तासातली घट

फेब्रुवारीच्या चार तारखेला भैरेवाडीच्या जमिनीखालचे पाणी जवळजवळ दोन सेंटिमीटरने वाढले. पाऊस पडलेला नव्हता. वरच्या धरणातून आवर्तन सुटले नव्हते. भीमेच्या पात्रात नेहमीइतकेच पाणी होते. तरी पाणी मोजणाऱ्या काट्याने वाढ दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तो त्याच आकड्याला चिकटून राहिला.

शर्वरी कोकरेने ते आकडे तेव्हा पाहिले नाहीत. चार तारखेला ती पुण्याहून सोलापूरच्या इस्पितळाकडे निघाली होती. आठ तारखेला तिचे वडील गेले. आई तिच्या लहानपणीच गेलेली, भाऊबहीण नाही, त्यामुळे दहावे, तेरावे, मृत्यूचा दाखला, सगळे तिनेच केले. चोवीस तारखेला ती संयुक्त जलकेंद्रात आपल्या खुर्चीवर येऊन बसली, तेव्हा केंद्राचे संचालक साळवी यांनी तिला आत बोलावले.

"वेळ वाईट आहे, कळतं मला," ते म्हणाले. "पण सोमवारी तिन्ही राज्यांची परिषद आहे. भैरेवाडीचा काटा अचानक वर गेलाय. आपल्या जमिनीत पाणी जास्त निघालं, तर करारानुसार नदीत जास्त सोडावं लागतं. आपल्याकडचे म्हणतात, पलीकडच्यांनी काट्याला हात लावला. पलीकडचे म्हणतात, तुम्ही सहा वर्षं पाणी लपवलंत, आता उघडं पडलं. कारण सापडलं नाही तर करार स्थगित. मग पुन्हा कोर्ट, पुन्हा वीस वर्षं."

"सर, ते माझ्या वडिलांचं ठाणं आहे."

"म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. दुसऱ्या कुणापुढे तिथं कोणी तोंड उघडणार नाही."

तिने होकार दिला. पुण्यातल्या रिकाम्या घरापेक्षा गाडीतले सहा तास बरे वाटले.

*

भैरेवाडीत त्या यंत्राला कोणी त्याच्या सरकारी नावाने हाक मारत नाही. ते पाताळकाटा म्हणतात, आणि ते नाव चुकीचे नाही. काटा जमिनीखालचे पाणी वजन करून सांगतो. एका निर्वात नळीत काही लाख अणू लेसरने इतके थंड करतात की ते जवळजवळ स्तब्ध होतात. मग ते सोडून देतात आणि किती वेगाने पडतात ते मोजतात. खाली पाणी जास्त असेल तर पृथ्वीची ओढ तेवढी जास्त, आणि अणू किंचित घाईने पडतात. जमिनीत एक सेंटिमीटर पाणी वाढले तर ओढीत पडणारा फरक अब्जाव्या हिश्शाच्या निम्माही नसतो. काट्याला तो कळतो.

या काट्यांमुळेच करार झाला. त्याआधी प्रत्येक राज्य धरणातले पाणी दाखवी आणि जमिनीतले झाकून ठेवी. नदी आणि विहीर हे एकच पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण विहिरीतले मोजणार कोण? महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांनी खोऱ्यात एकशेबारा काटे बसवले आणि ठरवले की ज्याच्या जमिनीत जास्त, त्याने नदीत जास्त सोडायचे. मोजणी रोज संध्याकाळी पाच ते सहा. त्या तासात दोन्ही काठांवरचे शेतीपंप बंद, गिरण्या बंद, ट्रॅक्टर उभे. वरातसुद्धा वेशीपाशी थांबते आणि बँडवाले चहा पितात. त्याला शांत तास म्हणतात.

सीमेवरच्या प्रत्येक काट्याला दोन राखणदार असतात, दोन राज्यांचे. कुंपणाच्या फाटकाला दोन कुलपे, एकेकाकडे एकेक चावी. तीस मीटरच्या कुंपणात त्या तासात कोणीही येता कामा नये, एवढे पाहणे हे त्यांचे काम. भैरेवाडीला डाव्या काठाचे राखणदार होते म्हाळाप्पा कोकरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. उजव्या काठाचे होते हिरेतळीचे शिवलिंगप्पा हत्ताळी. ते रोज बंधाऱ्यावरून चालत यायचे.

शर्वरी पोहोचली तेव्हा शिवलिंगप्पा फाटकाबाहेर बाभळीच्या सावलीत उकिडवे बसले होते. तिला पाहून उठले, पण जवळ आले नाहीत.

"आलीस अव्वा," ते म्हणाले. "तेराव्याला येनार हुतो. गुडघ्यानं दगा दिला."

"असू दे मामा." ती लहानपणापासून त्यांना मामाच म्हणायची. "फाटक उघडायचंय. आण्णांची चावी माझ्याकडे दिलीय."

दोघांनी दोन कुलपे काढली. आत फक्त एक बसकी कोठी होती, कमरेइतकी उंच, वर काँक्रीटचा स्लॅब. काटा त्या स्लॅबखाली मीटरभर खोल. तिने झाकण उघडून सगळे तपासले. सील शाबूत होते, तारा शाबूत होत्या, निर्वात नळी ठीक होती. कोणी हात लावल्याची खूण नव्हती. तास दीड तास गेला. मामा बाहेरच उभे.

"मामा, चार तारखेला इथं काही वेगळं झालं होतं का? कोणी आलं, काही आणलं, नेलं?"

"कोन येनार? तुझ्या बापाला दवाखान्यात नेलं. दोन कुलपं, माझ्याकडं एकच चावी. तवापासनं मी पन भाईरच बसतोय."

"म्हणजे आधी कुठं बसायचात?"

"कुठं म्हंजे? हितं." त्यांनी हनुवटीने कोठी दाखवली. "वर."

शर्वरीने स्लॅबकडे पाहिले. एका कडेला चुन्याची बोटे पुसलेली होती, थरावर थर.

"यावर? किती वाजता?"

"शांत तासाला की. दुसऱ्या येळंला कुनाला सवड हाय? वरनं समदं कुंपन दिसतंय, दोन्ही रस्ते दिसत्यात. खाली बसून काय राखन हुतीया व्हय?"

"मामा, आत कोणीही यायचं नाही असा नियम आहे."

"हौदु, हाय की नियम. आमी कुनालाच येऊ दिलं न्हाई. सहा वरसात कुत्रं सुदीक न्हाई." ते थोडे दुखावले होते. "आमी राखनदार हाव गं. आमी कोनी हाव व्हय?"

*

ती गाडीत जाऊन बसली आणि कच्ची नोंद उघडली.

काटा दिवसभर मोजत असतो, हिशेबात फक्त शांत तास धरतात. तिने पूर्ण दिवसाची रेघ पडद्यावर आणली. पावणेपाचला रेघ खाली उतरत होती, सव्वासहाला पुन्हा वर चढत होती. रोज. सहा वर्षे.

ही घट तिला नवी नव्हती. तीच तर तिच्या नावावर होती. भैरेवाडीच्या काट्यावर संध्याकाळी दिसणारा हा खळगा तिने पहिल्याच वर्षी हेरला होता. पंप थांबल्यावर काळ्या पाषाणातल्या भेगांमध्ये पाणी जागा बदलते, असे तिने त्याचे स्पष्टीकरण दिले होते. त्यावर निबंध लिहिला होता. दोन परिषदांमध्ये तो वाचला होता. हैदराबादला टाळ्या पडल्या होत्या. एकशेबारापैकी एकाच काट्यावर हे का दिसते, असे कोणीतरी विचारले होते, आणि तिने तिथल्या खडकाच्या वेगळेपणावर पाच मिनिटे उत्तर दिले होते.

काट्याला वरचे आणि खालचे वेगवेगळे कळत नाही. तो फक्त ओढ मोजतो. वर बसलेली माणसे अणूंना वर ओढतात, तेवढी खालची ओढ कमी भासते. मीटरभर उंचीवर बसलेली दोन माणसे म्हणजे जमिनीतले दोन सेंटिमीटर पाणी गायब. हा काटा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वतीने बोलतो. म्हणजे एकूण पाव टीएमसी पाणी. पलीकडच्या चाळीसेक गावांना वर्षभर प्यायला पुरेल इतके पाणी दोन म्हातारे रोज संध्याकाळी तंबाखू मळत झाकून बसले होते. त्यातला एक त्याच गावांपैकी एका गावचा होता.

तिला हसू आले असते. आण्णांना फोन करून सांगण्याजोगी गोष्ट होती.

काही दिवशी खळगा निम्माच होता. मामांच्या मुलीच्या लग्नाचे चार दिवस. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा पंधरवडा. म्हणजे या म्हाताऱ्यांनी चाव्याही एकमेकांकडे ठेवल्या होत्या. आणखी तीन दिवस सलग निम्मा: आण्णा तिच्याकडे पुण्याला आले होते तेव्हा. सहा वर्षांत एकदाच. या दिवसांवरून दोघांची वजने वेगळी काढता येत होती. तिने काढली. शिवलिंगप्पा अडुसष्ट किलो, म्हाळाप्पा एकाहत्तर.

मग तिने शेवटचे वर्ष काढले.

मामांचे वजन तसेच होते. जूनमध्ये आण्णा सत्तर. ऑगस्टमध्ये सहासष्ट. दिवाळीला साठ. डिसेंबरमध्ये चोपन्न. तीन फेब्रुवारीला, ते शेवटचे बसले त्या संध्याकाळी, एकोणपन्नास.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले होते, स्वादुपिंडाचा कर्करोग, सहा-आठ महिने तरी जुना असणार, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? ती म्हणाली होती, मी लांब असते. दर रविवारी फोन व्हायचा. मी ठणठणीत आहे, म्हणायचे. ती त्यावर विश्वास ठेवायची, कारण तसे सोयीचे होते.

पण आकडे रोज तिच्याकडेच येत होते. रोज संध्याकाळी साडेसहाला, तिच्याच संगणकावर. खळगा उथळ होत चाललाय हे तिने लिहिलेल्या प्रणालीने ओळखलेही होते. दरमहा तीन-चार मिलिमीटरच्या आतला बदल किरकोळ समजून सपाट करायचा, ही सूचना तिचीच होती.

तिने पडदा बंद केला नाही. बराच वेळ ती त्या रेघेकडे बघत राहिली.

*

"तुम्हाला माहीत होतं," ती मामांना म्हणाली.

मामा बाभळीखालीच होते. त्यांनी काय माहीत होते असे विचारले नाही.

"सदरा ढगळ झालता. कमरंला सुतळी बांधायचा. मी म्हनलं, म्हाळाप्पा, पोरीला सांग. म्हनला, तिच्यामागं तीन राज्यं लागल्यात, आनि मी कुठं लागू? मी म्हनलं, मग मी सांगतो. तर म्हनला, सांगितलंस तर तुझ्याशी बोलनार न्हाई. बोलनार न्हाई म्हनला गं. मग मी काय करू? सकाळधरनं संध्याकाळची वाट बघायचो मी. घरात कोन हाय बोलायला?"

"मला सांगायला हवं होतं मामा."

"हवं हुतं," ते म्हणाले. "शिवी दे पाहिजे तर."

तिने शिवी दिली नाही. शेजारी बसली. पलीकडच्या काठावर पंप सुरू होते, त्यांचा आवाज पाण्यावरून येत होता.

*

संध्याकाळी तिने गिरिजा मठपतींना फोन लावला. गिरिजा कर्नाटकाच्या बाजूच्या मुख्य अभियंता. दोघी सहा वर्षे रोज बोलायच्या, पण कामापलीकडे फारसे कधी नाही. शर्वरीने सगळे सांगितले.

"अय्यो देवा," गिरिजा म्हणाल्या. मराठी त्यांना चांगली यायची, सासर कोल्हापूरचे. "शर्वरी, तुम्ही एक ऐका. यंत्र सरकलं असं लिहा. सगळी यंत्रं कधी ना कधी सरकतात. मी सही करते. करार वाचेल."

"मग मागची सहा वर्षं?"

"मागचं मागे राहील."

"तुमच्या गावांना पाणी कमी मिळालंय, गिरिजाताई. तुम्ही असं म्हणताय?"

"मला माहीत आहे मी काय म्हणतेय. खरं लिहिलं तर काय होईल? आमचे लोक म्हणतील, महाराष्ट्राच्या माणसानं काट्यावर बसून पाणी चोरलं. त्याचं नाव पेपरात येईल. तो उत्तर द्यायला नाही. हत्ताळींना आमचेच लोक फितूर म्हणतील. आणि तुमचा निबंध. तुमची खुर्ची तरी राहील का?"

"यंत्र सरकलं म्हटलं तर पुढच्या वेळी काट्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"आणि चोरीचा आरोप?" गिरिजांनी विचारले.

"चोरी नव्हती हे दाखवता येईल," शर्वरी म्हणाली. "दोघं बसायचे. दोन्ही राज्यांची माणसं, एकाच वेळी. नोंदीत तसंच दिसतं. फक्त ते करून दाखवायला हवं. उद्या शांत तासात तुम्ही थेट नोंद बघत राहा. आणि परिषदेतल्या तिन्ही बाजूंना बघायला लावा."

*

मामा तयार होईनात.

"मी तिकडं चढत न्हाई आता."

"एक तास मामा. शेवटचा."

"त्याच्या जागी कोन बसनार?"

"मी."

त्यांनी तिच्याकडे खालीवर पाहिले. "तू केवढीशी!"

ते तिलाही ठाऊक होते. सकाळी गावातल्या आडतीत जाऊन तिने दोघांचे वजन केले होते. मामा अडुसष्ट, ती चोपन्न. तिच्यात आणि आजारापूर्वीच्या आण्णांत सतरा किलोंचा फरक होता. तिने पाण्याचा मोठा जार मागवून त्यात मोजून तेवढे पाणी भरले होते.

पावणेपाचला दोघे स्लॅबवर चढले. मामांनी आपली जागा न बघता घेतली. तिने दुसऱ्या जागी बसून जार मांडीला टेकवून ठेवला. पाचला पंप बंद झाले, आधी अलीकडचे, मग पलीकडचे, आणि अशी शांतता झाली की बंधाऱ्याच्या फळ्यांतून गळणारे पाणी ऐकू येऊ लागले.

"काय बोलायचात तुम्ही?" तिने विचारले.

"काई न्हाई. सुरवातीला भांडायचो. तुमी पानी आडवता, तुमी उसाला पाजता. मग त्ये संपलं. मग बगळे मोजायचो. तो तुझं सांगायचा. तुझा निबंद हाय न्हवं, त्यो त्यानं छापून आनलता. मला वाचून दाकवला. जमिनीत संद्याकाळी पानी हालतंय म्हनं." मामांनी तळव्याने गुडघा चोळला. "आमी दोगं खाली कान लावून बगितलं. तो म्हनला, मला येतंय ऐकू."

तिने जारची कड घट्ट धरली. फोन थरथरला. गिरिजांचा निरोप होता: बरोबर उतरली. दोन पूर्णांक दोन. सगळे बघताहेत.

अर्ध्या तासाने ती जार घेऊन उतरली, कुंपणाबाहेर नेऊन रिकामा केला आणि परत येऊन बसली. आता जार नव्हता, मामांशेजारी फक्त ती, चोपन्न किलो. रेघ तेवढीच वर सरकली. डिसेंबर महिना. त्यापुढचे दोन महिने करून दाखवता येत नव्हते. शेवटी आण्णा तिच्याहून हलके झाले होते, आणि स्वतःतून काही कमी करण्याची सोय नव्हती.

सहाला पंप पुन्हा सुरू झाले. दोघे उठले नाहीत. त्यांना उठवणारे कोणी नव्हते.

*

परिषद तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी आरडाओरडा झाला. पेपरात म्हाळाप्पांचा फोटो आला आणि खाली नको ते शब्द आले. दुसऱ्या दिवशी तेलंगणाच्या प्रतिनिधीने विचारले की यापेक्षा प्रामाणिक चूक कोणत्या राज्याने आजवर दाखवली आहे, ते कळले तर बरे होईल. तिसऱ्या दिवशी ठरले: सहा वर्षांची नोंद दुरुस्त करायची, राहिलेले पाणी दोन पावसाळ्यांत सोडायचे, करार चालू. अहवालाच्या शेवटच्या कलमात राखणदारांची पदे रद्द केली होती. यापुढे कॅमेरे आणि शंभर मीटरचे कुंपण. शर्वरीने त्या कलमाला विरोध नोंदवला. दोन माणसे रोज भेटत होती म्हणूनच या ठाण्यावर सहा वर्षांत एकही तक्रार झाली नाही, असे तिने लिहिले. यंत्रावर त्याचा परिणाम काय, असे विचारले गेले. यंत्रावर काहीच नाही, असे तिला लिहावे लागले.

तिची खुर्ची राहिली. निबंध तिने स्वतः मागे घेतला. नोंद दुरुस्त करण्याचे काम दुसऱ्या कोणाला देऊ का, असे साळवींनी विचारले. ती नको म्हणाली. दोन हजारांहून जास्त संध्याकाळी होत्या. यंत्राला सांगितले असते तर मिनिटभरात झाले असते, पण तिने महिन्यामहिन्याने, पाहून केले. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहावे लागते. तिने वडिलांचे पूर्ण नाव लिहिले, मामांचे लिहिले, त्या दिवसाची वजने लिहिली. एकेक खळगा भरत गेला. शेवटी सहा वर्षांची रेघ सरळ झाली, इतर एकशेअकरा काट्यांसारखी.

जुलैत पहिले जादा पाणी सुटले. संध्याकाळी सव्वापाचला मामांचा फोन आला.

"आलं बग पानी. बंदाऱ्याची तिसरी फळी बुडाली. आमच्या हिरीत हात लावायला येतंय."

"लोक काय म्हणतात?"

"काय म्हननार? पानी आलं की लोक पानीच बगत्यात. चार पोरं मला फितूर म्हनत हुती, ती पन पवायला गेल्यात."

"तुम्ही कुठं आहात?"

"कुंपनाच्या भाईर. कॅमेरा बगतोय मला, मी कॅमेऱ्याला बगतोय." ते हसले. मग खोकले. मग फक्त नदीचा आवाज फोनमधून येत होता. पूर्वी अशा वेळी शर्वरी बरं, ठेवते म्हणायची.

"मामा," ती म्हणाली, "आडतीत जाऊन या."

"कशाला?"

"वजन करून या."

"आता कशाला गं? परत बसवतीस काय काट्यावर?"

"नाही. मला सांगा फक्त. दर रविवारी सांगत जा."



"गेल्या बाजारी केलतं," मामा म्हणाले. "चौसष्ट भरलं. पावसाळ्यात हुतंय जरा कमी."

तिने समोरच्या कागदावर आकडा लिहिला. खाली तारीख घातली.

"उद्या दुपारपर्यंत पोचते मी," ती म्हणाली. "सोलापूरला जायचंय आपल्याला. सकाळपासून काही खाऊ नका, तपासण्या असतील."

"न्हाई म्हनलं तर?"

"मग इथून पुढं बोलणार नाही तुमच्याशी."

मामा हळूच म्हणाले, "कार्ड कन्नडात हाय माझं, दवाखान्याचं. तितं चालंल का विचार."